विज्ञानकथा मालिकांमधली माणसं कशी बदलतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याहून ऐरोलीला जाताना ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर आणि रविवारी उपवन तलावाच्या कट्ट्यावर आमचे विज्ञानकथा मालिकांवरून वाद रंगतात. त्यात तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून माझी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. मतं सगळी माझी. शेवट फोडल्याशिवाय या विषयावर बोलता येत नाही, तेव्हा एखादी मालिका बघायची राहिली असेल तर तेवढं उत्तर सोडून पुढे जा.

कॅरेक्टर आर्क, कॅरेक्टर आर्क म्हणतेस, पण त्यात नेमकं बघायचं काय?

कॅरेक्टर आर्क म्हणजे गोष्टीच्या ओघात पात्र बदलत जातं तो प्रवास. पण माणूस पहिल्या भागात होता तसा शेवटच्या भागात राहिला नाही, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. हुद्दा वाढणं, प्रेमात पडणं, दाढी ठेवणं हे कुठल्याही मालिकेत होतं. मी दोन गोष्टी तपासते. बदलाची किंमत त्या माणसाने स्वतः मोजली का? आणि ती किंमत मालिकेने पुढच्या भागात लक्षात ठेवली का?

१९६६ ते १९६९ मधली मूळ 'स्टार ट्रेक' घ्या. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' या १९६७ च्या भागात इतिहास सावरण्यासाठी जहाजाचा कॅप्टन कर्क आपल्या प्रेमाच्या बाईला डोळ्यांदेखत मरू देतो. भाग अप्रतिम आहे. लगेच पुढच्या भागात त्याचा सख्खा भाऊ मेलेला सापडतो, आणि तो भाग संपतो थट्टामस्करीत. यात लेखकांचा आळस नव्हता. तेव्हा मालिका नंतर ठिकठिकाणच्या वाहिन्यांना पुनःप्रक्षेपणासाठी विकल्या जायच्या आणि भाग कुठल्याही क्रमाने लागले तरी प्रेक्षकाला अडायला नको असायचं. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी सगळं होतं तिथे आणून ठेवायचं, हा धंद्याचा नियमच होता. त्या नियमाशी भांडत भांडत पुढच्या तीस वर्षांत टीव्हीवरची विज्ञानकथा कशी मोठी झाली, हे बघण्यात मला सगळ्यात जास्त रस आहे.

मग तुझ्या मते सगळ्यात उत्तम प्रवास कुणाचा?

'बॅबिलॉन ५' या अंतराळस्थानकावरच्या मालिकेतल्या लोंडो मोलारी आणि जकार यांचा. तो एकट्याचा म्हणून सांगताच येत नाही, जोडीचाच आहे. पाच सीझन, १९९४ ते १९९८, एकूण ११० भाग, त्यातले ९२ एकट्या जे. मायकेल स्ट्राझिन्स्कीने लिहिले. गोष्ट कुठे न्यायची हे त्याने आधीच ठरवलं होतं, आणि ते या दोघांत सगळ्यात जास्त जाणवतं.

लोंडो सुरुवातीला विनोदी पात्र वाटतो. उतरती कळा लागलेल्या सेंटॉरी साम्राज्याचा राजदूत, पंख्यासारखे उभे केस, दारू, जुगार, उधाऱ्या. जकार हा नार्न लोकांचा राजदूत. त्याच्या लोकांनी सेंटॉरींची गुलामी सोसलेली, आणि पहिल्या सीझनमध्ये सूडाच्या कारस्थानांमुळे खलनायक वाटतो तो हाच. मग मॉर्डेन नावाचा एक हसरा माणूस येऊन लोंडोला विचारतो, तुला काय हवंय? लोंडो टाळाटाळ करतो, चिडतो आणि शेवटी मनातलं बोलून जातो: आमचं गेलेलं वैभव परत हवं. बस्स, एवढंच. पुढचं सगळं या उत्तरातून वाढतं.

दुसऱ्या सीझनमध्ये सेंटॉरी नौका नार्नच्या मायग्रहावर महाकाय दगडांचा मारा करतात, तेव्हा लोंडो एका नौकेच्या काचेपाशी उभा आहे. खाली ग्रह भाजून निघतोय. हवं ते मिळालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते पीटर जुरासिकने तिथे एक शब्द न बोलता दाखवलंय. लोंडोला दर वेळी मागे फिरायची वाट दिसते, आणि दर वेळी तो अजून एक पाऊल पुढे टाकतो. जकारचा रस्ता बरोबर उलटा. देश गेला, पद गेलं, पुढे एका वेड्या सम्राटाच्या कैदेत डोळा गेला, आणि तो सूडापासून लांब लांब जात राहिला. पाचव्या सीझनच्या अखेरीस तो लोंडोला सांगतो की माझे लोक तुझ्या लोकांना कधी माफ करू शकणार नाहीत, पण मी तुला करू शकतो. ही माफी पोकळ वाटत नाही, कारण तिच्यामागे चार सीझनचा हिशोब आहे.

त्यातही मला सगळ्यात जवळचा प्रसंग लोंडोचा नाही, त्याच्या मदतनिसाचा आहे. व्हीर कोटो हा भित्रा, भला माणूस. लिफ्टमध्ये तो जकारसमोर येतो आणि म्हणतो, मला फार वाईट वाटतंय. जकार स्वतःच्या तळव्यावर सुरी फिरवतो. रक्ताचा थेंब खाली पडतो, तो म्हणतो 'मेला'. दुसरा थेंब, 'मेला'. थेंब पडत राहतात, शब्द तोच. मग विचारतो, यांची माफी कशी मागणार? व्हीर म्हणतो, नाही मागू शकत. मग मीही माफ करू शकत नाही, एवढं बोलून जकार निघून जातो. पुढे जाऊन माफ करणारा जकार हाच आहे, हे लक्षात ठेवून तो प्रसंग पुन्हा बघा.

अभिनेता मध्येच मालिका सोडून गेला तर प्रवास अर्धवट राहतो ना?

राहतो, आणि पुष्कळदा वाईट राहतो. स्ट्राझिन्स्कीने त्यासाठी प्रत्येक प्रमुख पात्रामागे एक चोरदरवाजा ठेवला होता: हा गेला तर गोष्ट अमुक मार्गाने वळवायची. पहिल्या सीझननंतर मायकेल ओ'हेअरचा कमांडर सिंक्लेअर, म्हणजे 'बॅबिलॉन ५' स्थानकाचा प्रमुख, गेला आणि त्याच्या जागी शेरिडन आला. ओ'हेअर मानसिक आजाराशी झुंजत होता, हे स्ट्राझिन्स्कीने त्याच्या शब्दाला जागून आयुष्यभर गुपित ठेवलं आणि २०१२ मध्ये त्याच्या निधनानंतरच सांगितलं. तिसऱ्या सीझनमध्ये सिंक्लेअर दोन भागांसाठी परत येतो आणि त्याच्या गोष्टीला जो शेवट मिळतो तो ठरवून केल्यासारखा चपखल बसतो. हे कळल्यावर ते दोन भाग मला कोरड्या डोळ्यांनी बघता आलेले नाहीत.

तू सारखी दुय्यम पात्रांबद्दलच का बोलतेस? नायक आवडत नाहीत?

आवडतात. पण नायकाला मालिका सांभाळून घेते. पोस्टरवर त्याचा चेहरा असतो, त्याला फार मोडता येत नाही. कडेच्या माणसाला असं संरक्षण नसतं, म्हणून लेखक त्याच्या बाबतीत धाडस करतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 'डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९) या अंतराळस्थानकावरच्या स्टार ट्रेक मालिकेतला नॉग. पहिल्याच भागात तो चोरी करताना पकडलेला फेरेंगी पोरगा आहे. फेरेंगी म्हणजे नफा हाच धर्म मानणारी जमात. तिच्याकडे सगळे हसूनच बघतात, मालिकासुद्धा. तिसऱ्या सीझनमध्ये हाच पोरगा स्थानकप्रमुख कमांडर सिस्कोच्या खोलीत जाऊन सांगतो, मला स्टारफ्लीटमध्ये (अंतराळातलं आरमार) जायचंय. सिस्कोचा विश्वास बसत नाही. तो खोदून खोदून विचारतो, अगदी हिडीसफिडीस करतो. शेवटी नॉगच्या तोंडून निघतं: मला माझ्या बापासारखं व्हायचं नाही. त्याच्या बापाच्या, रॉमच्या हातात यंत्रं दुरुस्त करायची जादू आहे, तो मोठ्या जहाजावर मुख्य इंजिनियर झाला असता. पण फेरेंगी म्हणजे धंदाच करायचा, म्हणून आयुष्यभर भावाच्या बारमध्ये राबला. धंद्याची अक्कल बापाला नाही आणि मलाही नाही, हे तो मुलगा सरळ कबूल करतो.

माझ्या ओळखीत असे बाप आहेत. हातात कला होती, घरच्यांनी नोकरीला चिकटवलं. हा भाग मी आमच्या मजल्यावरच्या काकांना सबटायटल लावून दाखवला होता. त्यांनी स्टार ट्रेक त्याआधी कधी पाहिली नव्हती. नॉग बोलायचा थांबल्यावर त्यांनी रिमोट मागितला आणि तो प्रसंग मागे नेऊन परत लावला.

आणि मालिका तिथे थांबत नाही. १९९८ मध्ये युद्धावर गेलेल्या नॉगचा पाय जातो. नवीन कृत्रिम पाय बसतो, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, तरी तो लंगडतोच. तो होलोस्वीटमधल्या, म्हणजे संगणक हवं ते जग उभं करतो त्या खोलीतल्या, १९६२ सालच्या लास वेगासमध्ये जाऊन राहतो, व्हिक फॉन्टेन नावाच्या गायकाच्या आसऱ्याला. तो गायक खरा माणूस नाही, संगणकाने उभी केलेली प्रतिमा आहे. 'इट्स ओन्ली अ पेपर मून' हा अख्खा भाग या दोघांचा. सिस्को वगैरे मंडळी कडेला. बाहेर पडायची भीती नॉग ज्या शब्दांत सांगतो त्यात वीरश्री अजिबात नाही: पाय जाऊ शकतो म्हणजे मी उद्या मरूही शकतो, आणि पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. शेवटच्या भागात त्याला लेफ्टनंटची बढती मिळते तेव्हा मला ती घरच्या मुलाची वाटते. ॲरन आयझेनबर्गने ही भूमिका सातही सीझन केली. २०१९ मध्ये तो गेला.

पिकार्डबद्दल काय? तो तर नायकच आहे.

'नेक्स्ट जनरेशन' या स्टार ट्रेक मालिकेतल्या कॅप्टन पिकार्डला बोर्गने, म्हणजे माणसांना यंत्रांत जुंपून गिळणाऱ्या शत्रूने, पकडून आपलं हत्यार बनवलं, हे १९९० च्या 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'मध्ये घडलं. जुन्या नियमाने पुढच्या आठवड्यात तो ताजातवाना दिसायला हवा होता. त्याऐवजी 'फॅमिली' हा भाग आला. पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी, मोठ्या भावाच्या द्राक्षमळ्यात जातो. दोघे भांडतात, चिखलात लोळून मारामारी करतात, हसायला लागतात, आणि हसता हसता पिकार्ड रडू लागतो. मला त्यांना थांबवता आलं नाही, म्हणतो. पूर्ण भागात जहाजाचा ब्रिज एकदाही दिसत नाही. एका भागापुरता का होईना, तिथे नियम मोडला, आणि नंतरच्या सगळ्या मालिकांसाठी दार किलकिलं झालं.

ताई, बाल्टारसारख्या माणसाबद्दल कुणाला वाईट कसं वाटू शकतं?

हा प्रश्न आमच्या बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या मुलाने विचारला होता आणि तो अगदी रास्त आहे. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' (२००३ ची लघुमालिका, मग २००४ ते २००९) मधला शास्त्रज्ञ गायस बाल्टार नकळत शत्रूला संरक्षण यंत्रणेच्या किल्ल्या देतो आणि बारा ग्रहांवरची माणसं मरून जेमतेम पन्नास हजार उरतात. वर तो भित्रा, आत्मप्रौढ आणि खोटारडा.

पण तिसऱ्या सीझनमधला 'डर्टी हँड्स' बघ. तुरुंगात बसलेला बाल्टार सांगतो की तो एरिलॉन नावाच्या शेतकरी ग्रहावर जन्मला, आणि मग आपली मूळची बोली बोलून दाखवतो. पॉश कॅप्रिकाचे उच्चार त्याने लहानपणी घोकून घोकून अंगी बाणवले होते. गावाकडून ठाण्यात शिकायला आलेल्या, वर्गात हसतील म्हणून आपली बोली गिळून टाकलेल्या मुलामुलींना त्याचा हा क्षण समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर त्याच्या खोटेपणाची मुळं दिसतात. गुन्हा तसूभर कमी होत नाही. शेवटच्या भागात नव्या पृथ्वीवर तो म्हणतो, मला शेतीतलं कळतं, आणि त्याचा बांध फुटतो. ज्या ओळखीपासून आयुष्यभर पळाला, तिच्याच आधाराने आता जगायचं आहे. जेम्स कॅलिसने ते अर्धं वाक्य ज्या पद्धतीने उच्चारलंय, त्यावर मी तासभर बोलू शकते.

आणि स्टारबकचा शेवट?

'बॅटलस्टार' मधल्याच या लढाऊ वैमानिक बाईचा शेवट मला मान्य नाही. मेलेली माणसं परत येण्याला माझा आक्षेप नाही. ती स्वतःचंच प्रेत शोधून जाळते तो प्रसंग जबरदस्त आहे. पण शेवटी ती बोलता बोलता माळरानावरून नाहीशी होते. केटी सॅकहॉफने चार सीझन रागाने, दारूने, आईच्या माराच्या आठवणींनी भरलेली बाई उभी केली, आणि निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा तिच्या हातात काही ठेवलं नाही. गूढ म्हणून ते चालेल. तिच्या प्रवासाचा शेवट म्हणून नाही.

खलनायक शेवटी सुधारलाच पाहिजे का?

मुळीच नाही. पण तो काय निवडतोय हे दिसलं पाहिजे. 'डीप स्पेस नाइन' मध्येच दोन कार्डेशियन अधिकारी शेजारी शेजारी ठेवलेत. गुल डुकाट देखणा, गोडबोल्या, प्रेक्षकांचा लाडका. त्याला आपण कसे थोर आहोत हे सतत कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं, आणि म्हणून तो शेवटपर्यंत बदलत नाही. त्याचा हाताखालचा माणूस डमार. सुरुवातीला त्याला धड संवादसुद्धा नाहीत. पुढे तो डुकाटच्या मुलीला गोळी घालतो, मग परक्यांच्या हातातला बाहुला राज्यकर्ता होतो, आरशासमोर दारू पितो, आणि एके दिवशी बंड करतो.

बंडात त्याच्या बायकोमुलांना मारलं जातं. तो सुन्न होऊन म्हणतो, निष्पाप बायकामुलांना मारायचे हुकूम देणारे लोक असतात तरी कसले? समोर त्याच्या बंडाला मदत करायला आलेली किरा उभी आहे. तिच्या बजोर ग्रहावर कार्डेशियन लोकांनी वर्षानुवर्षं हेच केलेलं. ती त्याचाच प्रश्न त्याला परत विचारते: हो, डमार, कसले असतात असे लोक? तो गप्प. नंतर तिला वाटतं की आपण फार लागेल असं बोललो. पण तेच त्याने ऐकायला हवं होतं. थोड्याच वेळात जुन्या कार्डेशियाची स्वप्नं बघणाऱ्या आपल्याच मित्रावर तो बंदूक चालवतो. टीव्हीवर पश्चात्ताप इतक्या कमी शब्दांत मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

'एक्सपान्स' मधला अमोस तर कधी बदलतच नाही. मग तो तुझ्या यादीत कसा?

बदलतो, फक्त गाजावाजा न करता. आपल्याला बरं-वाईट आतून कळत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून तो ज्यांना कळतं अशांच्या मागे चालतो. आधी जहाजावरची सहकारी नेओमी, मग कॅप्टन होल्डन. तिसऱ्या सीझनमध्ये आपल्या मुलीला पळवणाऱ्या डॉक्टरवर प्रॅक्स नावाचा बाप बंदूक रोखतो. अमोस त्याला थांबवतो, तू तसा माणूस नाहीस म्हणतो, त्याला बाहेर पाठवतो. मग डॉक्टरकडे वळून म्हणतो, तसा माणूस मी आहे. हे क्रौर्य आहेच. पण एका सज्जन माणसाचे हात स्वच्छ राहावेत म्हणून त्याने ते स्वतःवर घेतलंय. पाचव्या सीझनमध्ये तो तुरुंगातल्या क्लॅरिसाला सोबत घेऊन उद्ध्वस्त पृथ्वीवर पायी निघतो, तेव्हा दिशा दाखवायचं काम त्याच्याकडे आलेलं असतं.

याच मालिकेतली कामिना ड्रमर मला त्याहून जवळची. मूळ पुस्तकांतल्या बऱ्याच जणांचा वाटा एकत्र करून मालिकेने ती घडवली आणि कारा जीने तिला आवाज दिला. लघुग्रहांच्या पट्ट्यातले लोक पिढ्यान्पिढ्या पाण्या-हवेसाठी पृथ्वी आणि मंगळाच्या तोंडाकडे बघत आलेले. हक्क मागायचा तो कुणाच्या नेतृत्वाखाली, आणि आपलाच नेता खुनशी निघाला तर काय करायचं, हा तिचा पेच. घणसोली गावातली माझी एक आगरी मैत्रीण हा पेच माझ्याआधी ओळखून बसली. तिच्या घरी नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या आणि १९८४ च्या जासईच्या आंदोलनाच्या गोष्टी ऐकतच मुलं मोठी होतात. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले. तिने मला सांगितलं, ड्रमर ओरडते तेव्हा ती रागावलेली नसते, ती दमलेली असते. त्या वाक्यानंतर मी पाचवा सीझन वेगळ्या नजरेने पाहिला.

एवढे सीझन बघायला वेळ कुणाला आहे? छोटा आर्क चालत नाही का?

चालतो की! 'अँडोर' च्या २०२२ च्या पहिल्या सीझनमधला किनो लॉय फक्त तीन भागांत आहे. तुरुंगातला मुकादम, शिक्षेचे उरलेले दिवस मोजणारा, बाकीच्यांना दटावणारा. मालिकेचा नायक कॅसियन त्याला पुन्हा पुन्हा विचारतो, प्रत्येक मजल्यावर पहारेकरी किती? तो उत्तर देत नाही. मग कळतं की इथून कुणालाच सोडत नाहीत. तेव्हा तो हळूच म्हणतो, बारापेक्षा जास्त कधीच नाहीत. तिथे माणूस बदलला. पुढच्या भागात हजारो कैद्यांना तो बाहेर काढतो, आणि समुद्राच्या कडेवर पोचल्यावर सांगतो की मला पोहता येत नाही. अँडी सर्किसला याहून मोठी भूमिका द्यायची गरजच नव्हती.

हॅरी किम?

याचा आर्कच नाही. 'व्हॉयेजर' ही स्टार ट्रेक मालिका, १९९५ ते २००१, सात सीझन, सुरुवातीला एन्साइन (सगळ्यात खालचा अधिकारी) आणि शेवटीही एन्साइन. त्याच्या जहाजावरच्या टॉम पॅरिसची पदावनती होऊन त्याला पद परतही मिळालं, आणि हॅरी तिथेच. हॅरी साकारणाऱ्या गॅरेट वाँगवर हा अन्याय होता.

यूट्यूबवर रिकॅप बघितला तर आर्क कळेल का?

घटना कळतील. पण माणूस बदलल्याचं आपल्याला पटतं ते मधल्या, काहीच न घडणाऱ्या भागांमुळे. गडकरी रंगायतनला दोन-अडीच तासांत रंगमंचावर जे उभं राहतं ते मला अतिशय प्रिय आहे, पण नटाचं वय सात वर्षांनी वाढलेलं नाटकात दिसू शकत नाही. मालिकेत ते दिसतं. नॉगचा आवाज फुटतो, खांदे रुंद होतात. ते गाळून हाती उरतो तो फक्त सारांश.

आपल्याकडे असं काही झालंय का?

१९९८ मध्ये दूरदर्शनवर मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम' आला होता. अंतराळयानात आपला माणूस बसलेला पाहण्याचा आनंद त्याने आम्हाला दिला, आणि त्यासाठी मी कृतज्ञ आहे. माणसं बदलण्याचं काम मात्र त्यात नव्हतं. आपल्या रोजच्या मालिका शेकडो भाग चालतात, म्हणजे वेळ भरपूर आहे. पण कट-कारस्थानं करणारी बाई सुधारली तर मालिका संपेल, म्हणून तिला सुधारू देत नाहीत. दिवाळी अंकांतून मराठीत विज्ञानकथा इतकी वर्षं लिहिली गेली आहे. तिच्यातली माणसं घेऊन कुणी तीस भागांची, ठरलेल्या शेवटाची मालिका केली, तर पहिल्या दिवसापासून बघणाऱ्यांत मी असेन.

सुरुवात कुठून करू?

विज्ञानकथेची सवय नसेल तर 'अँडोर'. भाग कमी, दोन सीझनमध्ये संपते आणि 'स्टार वॉर्स'चं काही माहीत नसलं तरी अडत नाही. सवय असेल तर 'एक्सपान्स', पण पहिले चार भाग धीर धरा. 'बॅबिलॉन ५' चा पहिला सीझन दिसायला जुना आणि काही ठिकाणी अडखळता आहे. तरी तो गाळू नका, लोंडोला मॉर्डेनचा प्रश्न त्याच सीझनमध्ये पडतो. 'डीप स्पेस नाइन' घरात सगळ्यांनी मिळून बघायला चांगली, कारण बाप-लेकांच्या इतक्या गोष्टी दुसऱ्या कुठल्या अंतराळ मालिकेत नाहीत. आणि 'बॅटलस्टार' ची सुरुवात २००३ च्या लघुमालिकेपासूनच करा. थेट पहिला सीझन लावला तर बाल्टारने केलं काय तेच कळणार नाही.